फोन आणि टीव्ही दोन्हीसाठी फाइल मॅनेजर कोणता? बाबांची दशावताराची रेकॉर्डिंग्ज टीव्हीवर लावायची आहेत

माडाखालची
नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे पण पार्श्वभूमी सांगावी लागेल. बाबांनी २००३ ते २००९ मध्ये आमच्या कुडाळजवळच्या गावच्या जत्रेत दशावताराची नाटकं हँडीकॅमवर रेकॉर्ड केली होती, रात्र रात्र उभं राहून. नंतर त्याच्या डीव्हीडी करून घेतल्या, मागच्या महिन्यात मी ठाण्याला आणून त्या सगळ्या हार्ड डिस्कवर उतरवल्या. आता बाबांना गुडघ्यामुळे रात्रीच्या जत्रेला जाववत नाही, म्हणून घरच्या ४३ इंची अँड्रॉइड टीव्हीवर हे सगळं नीट लावून द्यायचंय.

अडचण अशी की टीव्हीत मुळात जो मीडिया प्लेअर आलाय तो फोल्डर धड दाखवत नाही, मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात, आणि मी इथून काही नवीन पाठवलं तर आईच्या फोनवरून टीव्हीवर कसं जाणार तेही बघायचंय. पूर्वी सगळे ईएस फाइल एक्सप्लोरर वापरायचे, आता ते मिळत नाही. फोनवर आणि टीव्हीवर दोन्हीकडे चालेल, जाहिराती अंगावर येणार नाहीत आणि आईला रिमोटने वापरता येईल असं काय आहे? आई आधीच म्हणतेय, "माका ता रिमोटचा काय जमणा नाय."

चहाटपरी
टीव्हीवर एक्स-प्लोर. डोळे मिटून.

निवांत_नाशिककर
एक्स-प्लोरला +१. माझ्याकडे तीन वर्षं आहे. रिमोटच्या बाणांनी चालतं, दोन खिडक्या शेजारी शेजारी असतात, डावीकडे पेनड्राइव्ह आणि उजवीकडे टीव्हीची मेमरी अशी लावून ठेवायची. फुकट आहे, काही गोष्टी देणगी दिल्यावर उघडतात पण तुमच्या कामाला त्या लागणार नाहीत. फक्त त्याचं रूप जुनाट आहे आणि पहिल्यांदा बघणारा बावचळतो, आईंना थेट त्यात सोडू नका.

जुना_नोकियावाला
एक्स-प्लोरचं नाव वाचून इतकं बरं वाटलं! हे ॲप अँड्रॉइडच्या आधीपासून आहे, नोकियाच्या सिम्बियन फोनवर मी हेच वापरायचो, दोन जीबीच्या कार्डात गाणी लावायला. ते बनवणारे लोनली कॅट गेम्सवाले अजून ते जपतायत याचं मनापासून कौतुक वाटतं. रूप जुनाट आहे हे खरं, पण वीस वर्षांपूर्वीचा माणूसही आज ते उघडून वापरू शकेल, ते का कमी आहे?

भिंगरी
ईएस एक्सप्लोररची एपीके (ॲप थेट टाकायची फाइल) अजून नेटवर मिळते की, टीव्हीवर मी तीच टाकलीये, मस्त चालते. उगाच का नवीन शोधायचं?

टर्मिनल_बाबू
@भिंगरी, ते कृपया काढून टाका. चिडून नाही सांगत, काळजीने सांगतोय. ईएसचं काय काय झालं ते ओळीने: २०१९ च्या जानेवारीत उघड झालं की हे ॲप फोनवर ५९७७७ क्रमांकाचं पोर्ट उघडं ठेवतं, म्हणजे त्याच वायफायवरचा कोणीही तुमच्या फायली ओढू शकत होता. ते दुरुस्त केलं गेलं. मग त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते प्ले स्टोअरवरून गेलं, ते ज्या कंपनीच्या हातात होतं तिच्या ॲप्सवर जाहिरातींवर परस्पर क्लिक केल्याचा ठपका होता. आणि २९ जून २०२० ला आपल्या सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली त्या यादीत ईएस होतं, शेअरइट आणि झेंडरही होते. तेव्हा आज नेटवर जी एपीके मिळते ती मूळ आहे की कोणी मध्ये काही घालून दिलीय हे कळायला मार्ग नाही.

आणि फाइल मॅनेजर म्हणजे काही साधं ॲप नव्हे. अँड्रॉइड ११ पासून गुगलने ॲप्सना एकमेकांच्या फायलींपासून लांब ठेवलंय, पण फाइल मॅनेजर 'सर्व फायलींचा ॲक्सेस' अशी वेगळी परवानगी मागतो. ती दिली की तुमचे फोटो, आधारची पीडीएफ, बँकेचं स्टेटमेंट सगळं त्याच्यासमोर. घराची किल्ली कोणाकडे देताय एवढा विचार करा.

मी स्वतः फोनवर मटेरियल फाइल्स वापरतो. एफ-ड्रॉइड या उघड्या कोडच्या ॲप्सच्या स्टोअरवर आहे, कोड उघडा आहे म्हणजे कोणीही तपासू शकतं, जाहिराती नाहीत, नेटवर्कवरून फायली घ्यायच्या एसएमबी आणि एफटीपी या दोन्ही पद्धती येतात.

भिंगरी
बापरे, हे माहीतच नव्हतं. काढलं आत्ताच. धन्यवाद बाबू.

रेवाकाठ
इंदूरहून. उघडा कोड असला की सगळं आलबेल असंही नाही हो. सिंपल मोबाइल टूल्सची ती साधी सुंदर ॲप्स होती ना, गॅलरी, फाइल मॅनेजर वगैरे, ती २०२३ च्या शेवटी दुसऱ्या कंपनीला विकली गेली. माझ्या सासऱ्यांना मी मोठ्या विश्वासाने ती टाकून दिली होती. नंतर त्याच कोडवरून फॉसिफाय नावाने नवी ॲप्स निघाली, आता ती टाकलीत. म्हणजे ॲप एकदा निवडून भागत नाही, वर्षातून एकदा तरी बघायला हवं की ते आता कोणाच्या हातात आहे.

टर्मिनल_बाबू
@रेवाकाठ, मान्य. पण कोड उघडा होता म्हणूनच फॉसिफाय निघू शकलं. बंद कोडचं ॲप विकलं गेलं असतं तर आपण हात चोळत बसलो असतो.

रेवाकाठ
हेही खरंच.

मास्तर_१९
पैसे देऊन ॲप घ्यायला लोक का कचरतात मला कळत नाही. फोनवर सॉलिड एक्सप्लोरर घ्या, १४ दिवस वापरून बघायला मिळतं, मग एकदा पैसे भरायचे आणि विषय संपला. बनवणाऱ्याचं घर आपल्या पैशातून चालतं म्हणजे त्याला जाहिरातवाल्यांच्या दारात जायची गरज उरत नाही. आणि ज्यांना फुकटच हवं त्यांनी टोटल कमांडर बघा, विंडोजवर १९९३ पासून आहे, अँड्रॉइडवर फुकट आणि बिनजाहिरातीचं. नेटवर्कसाठी त्याचा लॅन प्लगिन (जोड-ॲप) वेगळा टाकावा लागतो.

चहाटपरी
मास्तर, ताईंनी टीव्हीचं विचारलंय 🙂

मास्तर_१९
फोन आणि टीव्ही दोन्हीचं विचारलंय. धागा परत वाच बाळा.

आखातातला
मी दोह्यात असतो, आईवडील चिपळूणला. हाच खटाटोप मी दोन वर्षांपूर्वी केला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे टीव्ही खरंच अँड्रॉइड आहे ना हे बघा, कारण सॅमसंगचे टायझनवर चालतात आणि एलजीचे वेबओएसवर, तिथे यातलं एकही ॲप चढत नाही, तिथे टीव्हीचाच मीडिया प्लेअर वापरायचा नाहीतर बाहेरून स्टिक लावायची. तुमचा अँड्रॉइड आहे म्हणता म्हणजे प्रश्न नाही.

दुसरं, टीव्हीच्या आतल्या मेमरीवर विसंबू नका. आठ जीबीचा टीव्ही असला तर सिस्टीम आणि ॲप्स जाऊन हाताशी जेमतेम दोन-तीन जीबी राहतात. सगळा साठा पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवरच ठेवा. पण डिस्क लावताना एक गोष्ट: टीव्हीचं यूएसबी २.० पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतं, पोर्टेबल हार्ड डिस्कला फिरायला ते कधी कधी पुरत नाही, मग ती टिकटिक आवाज करते आणि मध्येच गायब होते. आमच्याकडे हेच व्हायचं आणि बाबा समजायचे टीव्ही बिघडला. शेवटी १२८ जीबीचा पेनड्राइव्ह दिला, तेव्हापासून शांतता.

तिसरं, पेनड्राइव्हचं फॉरमॅट. फॅट३२ मध्ये चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, आणि कॉपी अडली की लोक ॲपला शिव्या देतात. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करावं लागतं, पण तुमचा टीव्ही दोन्हीतलं काय वाचतो ते आधी छोट्या पेनड्राइव्हवर करून बघा. काही टीव्हींवर नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. तसं असेल तर कॉपीचं काम फोनवर ओटीजी (फोनला पेनड्राइव्ह जोडायची छोटी केबल) लावून करा.

माडाखालची
@आखातातला, किती उपयोगी लिहिलंत! टिकटिक आवाज आमच्याकडेही येतो, मी हार्ड डिस्कच गेली समजून रडकुंडीला आले होते. पेनड्राइव्ह मागवते.

एक राहिलं सांगायचं. फायली व्हीओबी (डीव्हीडीवरच्या व्हिडिओचा प्रकार) आहेत, डीव्हीडीमधून जशाच्या तशा उतरवल्या, प्रत्येक साधारण एक जीबीची. एक नाटक पाच-सहा तुकड्यांत आहे आणि तुकडा संपला की टीव्ही थांबतो. संकासुर ऐन रंगात आलेला असतो आणि पडदा काळा. आई विचारते, "खंय गेलो तो?"

जत्रेचा_नाद
अहो मी सावंतवाडीचा! कोणत्या मंडळाची नाटकं आहेत? आडदशावतार पूर्ण आहे का? हल्ली बरेचजण गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर हा पूर्वरंग उरकतात आणि सरळ आख्यानाला लागतात. २००३ चं रेकॉर्डिंग म्हणजे ठेवाच आहे. पेटीवाला आणि मृदंगवाला दिसतात का फ्रेममध्ये?

माडाखालची
@जत्रेचा_नाद, पूर्वरंग पूर्ण आहे, तीन वेगवेगळ्या वर्षांचा! पहाटेचा दहीकालाही एका वर्षीचा आहे, मागे उजाडताना दिसतं. वादक कडेला दिसतात, बाबा मुद्दाम अधूनमधून कॅमेरा तिकडे वळवायचे.

निवांत_नाशिककर
फाइल मॅनेजर बदलून हा तुकड्यांचा प्रश्न सुटणार नाही. डीव्हीडीवर व्हिडिओ एक-एक जीबीच्या तुकड्यांत ठेवायची पद्धतच आहे. लॅपटॉपवर मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर घ्या, डीव्हीडी किंवा तिचं ते व्हिडिओ_टीएस फोल्डर त्याला दिलं की सगळे तुकडे जोडून एकच एमकेव्ही फाइल देतं, दर्जा जरासुद्धा न बिघडवता. फाइल लहान करायची असेल तर पुढे हँडब्रेकमधून एमपी४ काढा, तेही फुकट आहे.

टर्मिनल_बाबू
हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस चालू करायला विसरू नका. जुन्या हँडीकॅमचा व्हिडिओ ७२० बाय ५७६ आणि एकाआड एक ओळींचा असतो, तसंच ठेवलं तर हात जोरात हलला की कंगव्यासारख्या रेघा दिसतात. दशावतारातल्या युद्धनृत्यात तर सगळं हातवारेच आहेत. आणि कितीही नवीन फाइल केली तरी मूळ व्हीओबी पुसू नका, ते वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा.

जत्रेचा_नाद
मूळ पुसू नका याला शंभर वेळा अनुमोदन.

सांजवात
थोडं अवांतर. माझ्या आईचा फोन सारखा भरतो. गुगलचं फाइल्स ॲप टाकून दिलं, ते सोपं आहे, डिलीट केलेलं ३० दिवस कचरापेटीत राहतं त्यामुळे तिला भीती वाटत नाही. पण व्हॉट्सॲपचा पसारा कुठे असतो ते सापडत नाही.

निवांत_नाशिककर
@सांजवात, अँड्रॉइड > मीडिया > कॉम.व्हॉट्सॲप > व्हॉट्सॲप > मीडिया, तिथे. त्यात इमेजेस आणि व्हिडिओच्या आत 'सेंट' नावाचं फोल्डर असतं, म्हणजे आपण दुसऱ्याला पाठवलेल्या गोष्टींच्या आणखी प्रती. आमच्या आईच्या फोनवर तिथेच सहा जीबी होते. शेजारचं डेटाबेसेस फोल्डर मात्र हलवू नका, चॅटचा बॅकअप त्यात असतो.

सांजवात
सापडलं! चार जीबी मोकळे झाले. आईने आनंदाने लगेच मला फोटो पाठवला 😄

चहाटपरी
फाइल्स बाय गुगल टीव्हीच्या स्टोअरवर दिसत नाही हे कोणी सांगितलं का? मी अर्धा तास शोधत होतो.

आखातातला
नाही दिसत, म्हणून तर टीव्हीला एक्स-प्लोर. फोन आणि टीव्हीवर एकच ॲप हवं हा हट्टच सोडायचा. आईच्या फोनवर जे तिला कळतं ते, टीव्हीवर जे रिमोटने चालतं ते, आणि मध्ये पोचवायला तिसरं काहीतरी. ते तिसरं म्हणजे 'सेंड फाइल्स टू टीव्ही' किंवा लोकलसेंड. पहिलं दोन्हीकडे टाकायचं, टीव्हीवर 'रिसीव्ह' दाबायचं, फोनवर 'सेंड', फाइल टीव्हीच्या डाउनलोड फोल्डरमध्ये जाते. इंटरनेट लागत नाही, दोन्ही एका वायफायवर हवेत इतकंच. लोकलसेंड उघड्या कोडचं आहे आणि कॉम्प्युटरवरही चालतं.

भिंगरी
लोकलसेंड माझ्याकडे टीव्ही दाखवतच नाही, दोन्ही एकाच राउटरवर आहेत.

टर्मिनल_बाबू
@भिंगरी, एक तर टीव्ही गेस्ट नेटवर्कवर आहे नाहीतर राउटरमध्ये एपी आयसोलेशन चालू आहे. दोन्हीत उपकरणं एकमेकांना दिसू देत नाहीत. ते बंद करा.

भिंगरी
गेस्टवरच होता 🙏 आज तुम्ही मला दोनदा वाचवलंत.

मास्तर_१९
घरात लॅपटॉप असेल तर इतका उपद्व्याप कशाला, लॅपटॉपवरचं फोल्डर शेअर करा आणि टीव्हीवर व्हीएलसी किंवा कोडी हे व्हिडिओ प्लेअर टाकून थेट तिथून बघा. कॉपी करायलाच नको. फक्त खूप जुनं ॲप असेल तर विंडोज त्याला दारात उभं करत नाही, कारण २०१७ च्या वॉनाक्राय व्हायरसच्या हल्ल्यानंतर मायक्रोसॉफ्टने नव्या विंडोज १० मध्ये एसएमबीची पहिली आवृत्ती मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. अशा वेळी लोक ती जुनी आवृत्ती परत चालू करतात, ते करू नका, ॲप बदला.

आखातातला
मास्तर, कुडाळला म्हाताऱ्या माणसांच्या घरी लॅपटॉप कोण चालू करून ठेवणार? आणि पावसाळ्यात वीज दिवसातून किती वेळा जाते माहितीये ना.

मास्तर_१९
बरोबर आहे, माझ्या डोळ्यासमोर माझं घर होतं. पण व्हीएलसी पेनड्राइव्हवरून लावायलाही चांगलं आहे, कुठे थांबलो होतो ते लक्षात ठेवतं. आईंना रोज एक्स-प्लोर उघडायला लावू नका, ते तुम्ही गेलात की वापरा, रोजचं बघणं व्हीएलसीमधून.

जत्रेचा_नाद
वीज जाण्यावरून एक सांगतो, जीव तोडून सांगतो. कॉपी करताना कधीही 'मूव्ह' किंवा कट-पेस्ट वापरू नका. माझ्या भावाच्या लग्नाचा व्हिडिओ मी एका ॲपमधून मूव्ह करत होतो, मध्येच लाइट गेली, इकडून पुसला गेला होता आणि तिकडे अर्धाच पोचला होता. त्यात माझी आजी नाचताना होती. तिचा तेवढाच एक व्हिडिओ होता आमच्याकडे. कॉपी करा, तिकडे उघडून शेवटपर्यंत पळवून बघा, मगच इकडचं पुसा. आणि पेनड्राइव्ह काढताना इजेक्ट करा.

माडाखालची
@जत्रेचा_नाद, वाचून पोटात गोळा आला. आजच सगळ्याची तिसरी प्रत करते.

सांजवात
😔 सॉरी हो.

चहाटपरी
ताई, मराठी नावांच्या चौकोनांचं काय झालं? ते कोणी बोललंच नाही.

रेवाकाठ
ते टीव्हीच्या प्लेअरकडे देवनागरी फॉन्ट नसल्यामुळे. एक्स-प्लोर आणि व्हीएलसीत माझ्याकडे नीट दिसतात. झिप करून पाठवलंत तर मात्र वेगळाच घोळ होतो, कधी कधी नावांची सगळी चिन्हं बदलतात. सुट्या फायली पाठवा.

माडाखालची
मंडळी, अकरा दिवसांनी परत आले. मागचा शनिवार-रविवार कुडाळला होते, जे केलं ते सांगते म्हणजे पुढे कोणाला लागलं तर उपयोगी पडेल.

सगळी नाटकं मेकएमकेव्हीने जोडून घेतली, फायली चार जीबीच्या वर गेल्या. पेनड्राइव्ह एक्सफॅट केला तर टीव्ही ढिम्म, एनटीएफएस केला तर लगेच दिसला. टीव्हीवर एक्स-प्लोर टाकलं, परवानगी मागितल्यावर सेटिंगमध्ये जाऊन 'सर्व फायलींचा ॲक्सेस' हाताने द्यावा लागला, तोवर ते रिकामंच दिसत होतं, मी घाबरले होते. रोजच्यासाठी व्हीएलसी होम स्क्रीनवर पहिल्या जागी आणून ठेवलं. आईच्या फोनवर गुगलचं फाइल्स आणि 'सेंड फाइल्स टू टीव्ही'. तिला एका कागदावर मोठ्या अक्षरात पाच पायऱ्या लिहून दिल्या, तो कागद टीव्हीच्या खाली चिकटवलाय. मी परत ठाण्याला पोचायच्या आत तिने भाचीचा वाढदिवसाचा व्हिडिओ टीव्हीवर लावून मला फोटो पाठवला!

बाबा रविवारी रात्री दीडपर्यंत बघत बसले होते. त्यांना प्रत्येक नट ओळखू येतो, हा कोणाचा मुलगा, ह्याने पुढे स्त्रीपार्ट सोडला, हा मृदंगवाला आता नाही. मी वहीत लिहून घेत होते.

आता एकच प्रश्न उरलाय. चाळीस फायली आहेत, सगळ्यांना वर्ष, आख्यान आणि नटांची नावं असं द्यायचंय. एकेक बदलत बसू का?

निवांत_नाशिककर
एक्स-प्लोरमध्ये सगळ्या निवडून एकदम नाव बदलता येतं, सॉलिड एक्सप्लोररमध्येही. पण नटांची नावं प्रत्येकात वेगळी असणार, तेवढी हातानेच. वर्ष आधी घाला आणि त्याच वर्षाच्या फायलींना ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक द्या, नाहीतर काही प्लेअर १ नंतर १० आणि मग २ लावतात.

जत्रेचा_नाद
आणि नावांसोबत कोणाची भूमिका कोणती तेही लिहा. एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, त्याच फोल्डरमध्ये.

माडाखालची
हो, तसंच करते. २००३ चं झालंय, २००४ घेतलंय. बाबा फोनवर आहेत, नावं सांगतायत.